वहीतली वेळ आणि भिंतीवरचे घड्याळ

फळ्यावरचे गणित विद्यार्थी वहीत उतरवून घेतो. मग प्रत्येक पायरीला त्याला मान वर करावी लागत नाही. पण त्याने भिंतीवरच्या घड्याळातली वेळही वहीत लिहिली आणि दर खेपेला वहीतच पाहिले, तर त्याची मधली सुट्टी कधीच होणार नाही! संगणक घडवणाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. तो कसा सुटला, ते आपण पाहू.

प्रोसेसर चपळ, मुख्य स्मृती मात्र संथ. १९६५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील मॉरिस विल्क्स यांनी एका लहानशा लेखात उपाय सुचवला. मोठ्या स्मृतीजवळ एक छोटी, वेगवान स्मृती ठेवावी आणि वापरलेली माहिती आपोआप तिच्यात उतरावी. तिला त्यांनी 'दास स्मृती' म्हटले. १९६८ मध्ये आयबीएमच्या ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या संगणकाबरोबर तिला 'कॅश' हे नाव मिळाले. ही कॅश म्हणजे रोख रक्कम नव्हे. 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते नाव आले आहे.

दुसरा धागा मँचेस्टरचा. टॉम किलबर्न यांच्या गटाच्या 'ॲटलस' संगणकाचे उद्घाटन १९६२ मध्ये झाले. त्याची १६,३८४ शब्दांची मुख्य स्मृती ५१२ शब्दांच्या ३२ पानांत विभागली होती. प्रत्येक पानासाठी एक रजिस्टर, आणि त्यात कुलपासारखी एक खूण. कुलूप लागलेल्या पानाला चालू आज्ञावली हात लावू शकत नसे.

हे दोन्ही धागे पुढे केंब्रिजमध्येच एकत्र आले. तेथील एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेला पहिला एआरएम प्रोसेसर १९८५ च्या एप्रिलमध्ये तयार झाला. त्यात कॅश नव्हती आणि स्मृतीच्या संरक्षणाचे काम वेगळी चिप करी. १९८९ च्या एआरएम-३ मध्ये ४ किलोबाइटची कॅश आली आणि घड्याळाचा प्रश्नही आला. छापयंत्र, कळफलक यांची रजिस्टरे स्मृतीच्या पत्त्यांवरच असतात, आणि त्यांतले मूल्य आपोआप बदलते. म्हणून ६४ मेगाबाइटच्या पत्त्यांचे २ मेगाबाइटचे ३२ भाग केले आणि प्रत्येक भागासाठी एक बिट ठेवला. बिट १ असेल तर 'वहीत उतरव', ० असेल तर 'दर वेळी प्रत्यक्ष पाहा'.

१९९० च्या दशकात स्मृतीचे व्यवस्थापनही त्याच चिपवर आले. पत्ते ४ गिगाबाइटपर्यंत पोहोचले होते. १ मेगाबाइटचा एक भाग धरला तर ४,०९६ नोंदी होतात. प्रत्येक नोंद ४ बाइटची, म्हणजे तक्ता १६ किलोबाइटचा. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी असतात: तो भाग प्रत्यक्षात कुठे आहे, तेथे कोणी वाचावे-लिहावे, आणि कॅशला परवानगी आहे का.

हा तक्ता कोण भरतो? वीज येताच चालणारी छोटी आज्ञावली, म्हणजे बूटलोडर. आरंभी संरक्षण आणि कॅश दोन्ही बंद असतात. बूटलोडर प्रथम तक्ता लिहितो, कॅशमधील जुना कचरा रद्द करतो, तक्त्याचा पत्ता प्रोसेसरला सांगतो आणि मगच कळ दाबतो. एखाद्या उपकरणाची नोंद चुकून 'कॅश चालेल' अशी झाली, तर प्रोसेसर 'उपकरण तयार नाही' हे जुनेच उत्तर पुन:पुन्हा वाचत राहतो. यंत्र थिजते, चुकीचा संदेशसुद्धा उमटत नाही.

१९९६ च्या स्ट्राँगआर्ममध्ये आज्ञांची आणि माहितीची कॅश वेगळी झाली. त्यामुळे आणखी एक दक्षता आली. बूटलोडरने आणलेल्या आज्ञा माहितीच्या कॅशमध्येच अडकून राहू शकतात. त्या मुख्य स्मृतीत उतरवल्याशिवाय पुढे उडी घेतली, तर प्रोसेसर भलतेच काही वाचतो.

वर्गात एक गणित द्यावे: भाग १ मेगाबाइटऐवजी ४ किलोबाइटचे केले, तर नोंदी किती? उत्तर १०,४८,५७६. एवढा तक्ता ४ मेगाबाइट जागा खाईल! म्हणून एआरएमने तक्ता दोन पातळ्यांचा केला: लहान पाने जेथे हवीत, तेवढ्यापुरताच दुसरा तक्ता. आज खिशातला मोबाइल सुरू होतानाही हीच तयारी आधी होते. काय वहीत उतरवायचे आणि कशासाठी मान वर करायची, हे ठरल्यावरच त्याचे खरे काम सुरू होते.