ड्रीमलँड : रंगवलेल्या नरकाला लागलेली खरी आग

२७ मे १९११, शनिवार. उत्तररात्र. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर 'ड्रीमलँड' हे मनोरंजन उद्यान त्याच दिवशी नव्या हंगामासाठी उघडायचे होते. तेथील एका खेळाचे नाव होते 'हेल गेट', म्हणजे नरकद्वार. प्रेक्षकांना होडीत बसवून अंधाऱ्या गुहांतून वेगवान पाण्यावरून नेले जाई. पाणी गळत होते, म्हणून कामगार तापलेल्या डांबराने फटी बुजवीत होते. अचानक विजेचे दिवे फुटले. अंधारात कोणाचा तरी धक्का लागून डांबराची बादली लवंडली, आणि रंगवलेल्या नरकाने पेट घेतला.

उजाडेपर्यंत ड्रीमलँड राखेत गेले होते.

आजचा धागा या उद्यानाविषयी. थीम पार्क म्हटले की आपण एक अलिखित करार गृहीत धरतो : आतले संकट खोटे, बाहेरचे जग खरे, तिकीट दिले की भीती मिळेल, इजा होणार नाही. आपल्या जत्रेतील 'मौत का कुआँ' पाहणारा प्रेक्षकही कठड्याला धरून याच भरवशावर उभा असतो. कोनी आयलंडवर हा करार पुन्हा पुन्हा उलटा झाला.

ड्रीमलँड १९०४ साली उघडले. सगळ्या इमारती शुभ्र, मध्ये ३७५ फूट उंचीचा मनोरा, आणि रात्री त्यावर विजेच्या दिव्यांचा झगमगाट. लांबून संगमरवर वाटावा असा तो थाट; प्रत्यक्षात लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस व तंतू यांचा गिलावा. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातील 'श्वेत नगरी' याच मिश्रणाने उभी राहिली होती. गणेशोत्सवातील भव्य देखाव्याच्या मागे जाऊन ज्याने बांबू आणि सुतळ्या पाहिल्या आहेत, त्याला हे वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की हा देखावा दहा दिवसांनी उतरवायचा नव्हता.

या लाकडी नगरीत लोकांना काय दाखवले जाई? आग! 'फायटिंग द फ्लेम्स' या प्रयोगात एक सहा मजली इमारत पेटवली जाई. खिडक्यांतून माणसे मदतीसाठी ओरडत, बंब घणघणत येत, शिड्या लागत, माणसे खाली जाळ्यांत उड्या घेत आणि वाचत. प्रेक्षकांत अनेक जण शहरातील दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत राहणारे. आग ही त्यांच्या रोजच्या धास्तीची गोष्ट. पैसे मोजून ते तीच धास्ती पाहत, परंतु शेवट बदललेला.

ड्रीमलँड जळण्याच्या दोनच महिने आधी, २५ मार्च १९११ रोजी, मॅनहॅटनमधील ट्रायँगल शर्ट कारखान्याला आग लागली. कारखाना आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर. अग्निशमन दलाच्या शिड्या पोहोचल्या सहाव्या मजल्यापर्यंतच. वरून उड्या घेणाऱ्यांच्या वजनाने जाळ्या फाटल्या. १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य तरुण स्थलांतरित मुली होत्या. खोटी इमारत सहा मजली का होती, याचे कारण कदाचित केवळ सोयीचे असेल. तरीही हा आकडा माझ्या मनातून जात नाही.

शेजारच्या स्टीपलचेस पार्कची गोष्ट तर अधिक निर्लज्ज. १९०७ साली ते जळाले, आणि मालक जॉर्ज टिल्यू याने दुसऱ्याच दिवशी धुमसते अवशेष पाहण्यासाठी १० सेंटांचे तिकीट लावले.

मात्र ड्रीमलँडमध्ये एक दालन असे होते की जिथे काहीच खोटे नव्हते. मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ अपुऱ्या दिवसांची बालके काचेच्या उबदार पेट्यांत ठेवून त्यांचे प्रदर्शन मांडी. बहुतेक रुग्णालयांकडे तेव्हा अशा पेट्या नव्हत्या. ही मुले जगणारच नाहीत असे मानले जाई. कूनी आईवडिलांकडून एक पैसाही घेत नसे. परिचारिका, दूध, कोळसा, सारा खर्च प्रेक्षकांच्या तिकिटांतून निघे. बाळाचा चिमुकलेपणा ध्यानात यावा म्हणून परिचारिका आपली अंगठी त्याच्या मनगटात सहज सरकवून दाखवी. गर्दी अचंबित होई. नवजात जिवांचा असा तमाशा करावा का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो गैर नव्हता. पण पर्याय काय होता? कूनीला सगळे डॉक्टर म्हणत; त्याच्या वैद्यकीय पदवीचा पुरावा मात्र पुढच्या संशोधकांना मिळाला नाही. त्याच्याच हिशेबाने त्याने सुमारे ८,००० बालके सांभाळली, त्यांतील ६,५०० जगली.

आगीच्या त्या रात्री प्राणिदालनातील कित्येक जनावरे होरपळून मेली. 'ब्लॅक प्रिन्स' नावाचा सिंह पेटत्या आयाळीसह रस्त्यावर धावला. अखेर पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. पेट्यांतील बालके दगावल्याची बातमीही आधी पसरली होती. ती चुकीची ठरली. परिचारिकांनी सगळ्यांना उचलून बाहेर काढले होते. एकही मूल गेले नाही.

ड्रीमलँड पुन्हा बांधले गेले नाही. कूनीने कोनी आयलंडवरील आपले प्रदर्शन १९४३ पर्यंत चालू ठेवले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कॉर्नेल रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला, आणि कूनीने आपले दालन बंद केले. ड्रीमलँडच्या जागेवर १९५७ पासून न्यूयॉर्कचे मत्स्यालय उभे आहे.