आकाश कोणाच्या मालकीचे? ग्रँड सेंट्रलच्या माथ्यावरील टॉवरची कहाणी

१/१६
न्यूयॉर्क, १९६८. शहराच्या मध्यवस्तीतील ग्रँड सेंट्रल या रेल्वे स्थानकाच्या माथ्यावर ५५ मजली टॉवर उभारण्याची योजना पुढे आली. त्यावरून पेटलेला वाद १० वर्षे चालला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन मिटला. जुनी वास्तू जपायची, तर तिच्या मालकाच्या नुकसानीचे काय? आपल्या शहरांनाही पडणाऱ्या या प्रश्नाचे एक उत्तर त्या वादात सापडते. #थ्रेड

२/१६
कहाणीची सुरुवात मात्र दुसऱ्याच स्थानकापासून करावी लागते. १९१० साली न्यूयॉर्कमध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेशन खुले झाले. मॅकिम, मीड अँड व्हाइट या वास्तुविशारदांनी त्याचे भव्य दालन रोममधील काराकालाच्या प्राचीन स्नानगृहांच्या धर्तीवर रचले होते. पण दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि विमानांनी रेल्वेचे प्रवासी ओढून नेले. तोट्यातल्या कंपनीला स्थानकापेक्षा त्याखालची जमीन मोलाची वाटू लागली.

३/१६
१९६२ मध्ये योजना ठरली: स्थानकाची वास्तू पाडायची, तेथे मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे क्रीडागार आणि कार्यालयांचा टॉवर बांधायचा, रूळ व फलाट तेवढे जमिनीखाली ठेवायचे. २ ऑगस्ट १९६२ रोजी सुमारे २०० लोक निषेधफलक घेऊन स्थानकाबाहेर उभे राहिले. त्यांत वास्तुविशारद फिलिप जॉन्सन होते आणि शहरांविषयीच्या लेखनाने गाजलेल्या जेन जेकब्सही होत्या.

४/१६
निषेध व्यर्थ गेला, कारण त्याला धरायला कायद्याचे टोकच नव्हते. नगर नियोजन आयोगापुढे प्रश्न आला तो एवढाच, की या जागी एवढे मोठे क्रीडागार चालेल काय? जुनी वास्तू पाडावी की पाडू नये, हे ठरवण्याचा अधिकार आयोगाला नव्हता. ऑक्टोबर १९६३ मध्ये पाडकाम सुरू झाले आणि तीन वर्षे चालले. शिल्पे आणि दगडी खांबांचे अवशेष न्यू जर्सीच्या दलदलीत जाऊन पडले.

५/१६
त्या ढिगाऱ्याने शहराचे डोळे उघडले. १९ एप्रिल १९६५ रोजी महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी वारसा वास्तूंच्या कायद्यावर सही केली आणि एक स्थायी वारसा आयोग अस्तित्वात आला. यादीतल्या इमारतीच्या बाह्यरूपात बदल करायचा, तर मालकाला यापुढे आयोगाची परवानगी घ्यावी लागणार होती. २ ऑगस्ट १९६७ रोजी, म्हणजे त्या फसलेल्या निदर्शनाला बरोबर पाच वर्षे होत असताना, ग्रँड सेंट्रल या यादीत आले.

६/१६
हे स्थानक १९१३ चे. दगडी दर्शनी भागावर घड्याळ आणि त्याभोवती रोमन देवतांची शिल्पे. आत प्रशस्त महादालन आणि त्याच्या छतावर रंगवलेले तारामंडल. गंमत अशी, की हे तारामंडल उलटे आहे: पूर्व-पश्चिमेची अदलाबदल झालेली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू. मूळ आराखड्यात स्थानकावर २० मजले चढवण्याचा विचार होता आणि त्यांचा भार पेलणारे खांबही पायातच घातलेले होते.

७/१६
१९६८ च्या आरंभी दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांचे विलीनीकरण होऊन पेन सेंट्रल ही कंपनी जन्मली. तिने ग्रँड सेंट्रलवरची मोकळी हवा एका बांधकाम कंपनीला ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. बांधकाम चालू असेतो वर्षाला १० लाख डॉलर, पुढे किमान ३० लाख. आराखड्याचे काम मार्सेल ब्रॉयर या नामवंत आधुनिक वास्तुविशारदाकडे गेले.

८/१६
ब्रॉयर यांनी दोन पर्याय दिले. एकात स्थानक तसेच ठेवून त्यावर ५५ मजले उचललेले होते. दुसऱ्यात दर्शनी भाग उतरवून ५३ मजले बांधायचे होते. आयोगाने दोन्ही फेटाळले. नटव्या दर्शनी भागावर असा टॉवर तोलून धरणे म्हणजे सौंदर्याची थट्टा होय, असा पहिल्यावरचा अभिप्राय होता. आणि वास्तू वाचवायची म्हणून तीच उतरवायची, हा दुसरा पर्याय तर आयोगाला अजिबात पटण्याजोगा नव्हता.

९/१६
कंपनी न्यायालयात गेली. तिचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नव्हते. योग्य मोबदला दिल्यावाचून सरकारला खासगी मालमत्ता सार्वजनिक उपयोगासाठी घेता येत नाही, असे अमेरिकेची राज्यघटना सांगते. स्थानकावरचे आकाश वापरण्याचा हक्क शहराने काढून घेतला. मग त्याची किंमत कोण देणार? दावा चालू असतानाच, जून १९७० मध्ये, पेन सेंट्रलने दिवाळखोरी जाहीर केली.

१०/१६
जानेवारी १९७५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्या वर्षी न्यूयॉर्क शहर स्वतःच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. अपील करून हरलो, तर जबर नुकसानभरपाई गळ्यात पडेल, ही धास्ती महापौर एब बीम यांच्या प्रशासनाला होती. कायदा आता हाताशी होता. तो चालवण्याचे धैर्य टिकेल की नाही, एवढाच प्रश्न होता.

११/१६
येथे लोकमताने आपले काम केले. म्युनिसिपल आर्ट सोसायटी या जुन्या नागरी संस्थेच्या पुढाकाराने बचाव समिती उभी राहिली. दिवंगत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन केनेडी ओनासिस तीत सामील झाल्या. ३० जानेवारी १९७५ रोजी स्थानकातल्याच ऑयस्टर बार या उपाहारगृहात पत्रकार परिषद झाली. शहराची अभिमानस्थळे एकेक करून गेली, तर मुलांना प्रेरणा कशातून मिळणार, अशा आशयाचे पत्र त्यांनी महापौरांना लिहिले. शहराने अपील केले.

१२/१६
डिसेंबर १९७५ मध्ये निकाल फिरला. १९७७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठानेही शहराची बाजू उचलून धरली. प्रकरण वॉशिंग्टनला पोहोचले. एप्रिल १९७८ मध्ये सुनावणीच्या आदल्या दिवशी वारसाप्रेमी खास रेल्वेगाडीने राजधानीला गेले. स्थानकाच्या रक्षणासाठी रेल्वेनेच जाणे, हे प्रतीक वृत्तपत्रांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

१३/१६
२६ जून १९७८. सहा विरुद्ध तीन मतांनी शहर जिंकले. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेल्या निकालाचे सार असे: मालमत्तेचे तुकडे पाडून केवळ आकाशाचा हिशेब वेगळा मांडता येत नाही. ६५ वर्षे ज्या कामासाठी स्थानक वापरले, त्यासाठी ते पुढेही वापरता येते आणि त्यातून वाजवी उत्पन्न मिळू शकते. शिवाय न बांधलेल्या मजल्यांचे हक्क जवळच्या भूखंडांवर हलवण्याची मुभा आहे.

१४/१६
अल्पमतही वाचण्याजोगे आहे. न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचा सवाल होता, की शहरातल्या १० लाखांहून अधिक इमारतींपैकी ४०० च निवडायच्या आणि साऱ्या शहराच्या आनंदाचा खर्च त्या मोजक्या मालकांच्या माथी मारायचा, हा न्याय कसा? हा आक्षेप आजही निकालात निघालेला नाही. ज्या इमारतीला उत्पन्नच नाही, तिच्या मालकाला ‘वारसा’ हा शब्द शिक्षेसारखा वाटतो, तो याचमुळे.

१५/१६
ग्रँड सेंट्रलच्या आकाशाचे पुढे काय झाले? स्थानकाचा जीर्णोद्धार झाला. १९९८ मध्ये स्वच्छ झालेले तारामंडल पुन्हा दिसू लागले. छताच्या एका कोपऱ्यात काजळीचा छोटा चौकोन मुद्दाम तसाच ठेवला आहे. आणि २०१८ मध्ये जेपी मॉर्गन चेस बँकेने पार्क अव्हेन्यूवरच्या आपल्या नव्या मुख्यालयासाठी ग्रँड सेंट्रलचे हवाई हक्क विकत घेतले. म्हणजे टॉवर झालाच, फक्त स्थानकाच्या डोक्यावर नव्हे.

१६/१६
हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे आपल्याकडे ज्याला टीडीआर म्हणतात, तो हाच. १९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली लागू झाली. भारतीय शहरांत ती पहिली. वारसा वास्तूंच्या मालकांसाठी टीडीआरची तरतूद तिच्यातही आहे. पेन स्टेशनच्या वेळी लोक होते, कायदा नव्हता. ग्रँड सेंट्रलच्या वेळी कायदा होता, पण लोक उभे राहिले नसते, तर शहराने माघार घेतली असती. तुमच्या गावातली तुम्हाला प्रिय असलेली जुनी वास्तू अशा एखाद्या यादीत आहे का? नगरपालिकेत विचारून पाहा आणि उत्तर खाली जरूर लिहा.