अण्णांची थ्री-स्पीड आणि साहेबाची गोष्ट

मंडळी, दोनेक वर्षांमागे मी इथेच आमच्या आजोबांच्या रॅले सायकलची गोष्ट लिहिली होती. बेळगाव कॅम्पातला एक गोरा साहेब १९४७ साली मायदेशी जाताना आपली तीन गियरची सायकल अण्णांना देऊन गेला, अशी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती आवडली होती. ती गोष्ट खोटी निघाली. खरं काय ते कळल्यावर गप्प बसणं बरं नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आमचं घर शहापूरचं. आज ते बेळगावातच धरतात, पण १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं. अण्णा येळ्ळूरच्या शाळेत मास्तर. शहापूर, वडगाव आणि पुढे राजहंसगडाच्या रोखाने येळ्ळूर, अशी रोजची वाट. अंतर फार नाही, पण चढउतार आहेत, आणि पावसाळ्यात समोरून वारा लागला की सपाट रस्तासुद्धा चढासारखा वाटतो. या वाटेवर अण्णांनी तीस वर्षं एकच सायकल चालवली.

तिच्यात बाहेरून काहीच दिसत नाही. आजच्या गियरच्या सायकलींसारख्या मागे दात्यांच्या चकत्या नाहीत, लोंबकळणारी चेन नाही. मागच्या चाकाचा हब नेहमीपेक्षा जाड, त्याच्या आसातून बाहेर येणारी बोटभर बारीक साखळी, आणि हँडलवर एक खटका. एवढंच. सगळा कारभार हबच्या पोटात. आम्ही मुलं मात्र आवाजावरून ओळखायचो. दुसऱ्या-तिसऱ्या गियरात पायडल मारताना हब टिकटिक करतो, पहिल्यात मुका होतो. गल्लीच्या तोंडाशी थोडा चढ होता. लांबून टिकटिक यायची, चढावर थांबायची. ती थांबली की आजी चहाचं आधण ठेवायची.

हा हब इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम गावचा. रॅले कंपनीचे मालक फ्रँक बोडेन यांनी १९०२ साली तीन गियरच्या हबचं पेटंट हाती घेतलं. स्टर्मी आणि आर्चर या दोघांची नावं त्याला मिळाली. गंमत म्हणजे रचनेत मोठा वाटा होता विल्यम रायली यांचा, पण ते दुसऱ्या कंपनीशी कराराने बांधलेले असल्याने पेटंटवर आर्चर यांचं नाव आलं. म्हणजे घेणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, हा प्रकार या हबला जन्मापासूनच चिकटलेला. आमच्या घरी तो कसा आला, ते पुढे सांगतो.

अण्णांच्या सायकलला या घराण्यातला सगळ्यात टिकाऊ, एडब्ल्यू नावाचा हब आहे. १९३६ साली निघाला. आत मधोमध आसाला पक्कं बसवलेलं २० दात्यांचं चाक, त्याभोवती फिरणारी २० दात्यांची चार छोटी चाकं, आणि सगळ्यांना वेढणारं ६० दात्यांचं कडं. चेनची ताकद कड्यातून आत येऊन छोट्या चाकांच्या चौकटीतून बाहेर पडली, की वेग पाऊणपट होतो आणि पाय हलके होतात. तो पहिला गियर. हाच प्रवास उलटा झाला की वेग सव्वापटीहून थोडा जास्त, म्हणजे ३ ला ४. तो तिसरा. दुसऱ्यात सगळं साध्या सायकलसारखं थेट. आपल्याकडच्या २८ इंची सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात दुसऱ्या गियरात सायकल सुमारे ५.४ मीटर जाते, पहिल्यात ४, तिसऱ्यात ७.२. त्या चार मीटरांवर आमचं घर चाललं, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी घराच्या वाटण्या झाल्या. सायकल कुणालाच नको होती, म्हणून माझ्याकडे आली. चुलतभावाने सुचवलं, ‘साहेबाची सायकल’ म्हणून विकली तर चांगले पैसे येतील. विकायच्या आधी धुऊनपुसून ठेवू म्हणून रॉकेलचं फडकं घेऊन बसलो. सत्तर वर्षांचं वंगण निघालं आणि हबच्या पाठीवर ठसे दिसले: एडब्ल्यू, ५२, ४. ही कंपनी हबवर बनवल्याचं साल आणि महिना कोरते. म्हणजे एप्रिल १९५२. साहेब गेला १९४७ला. पाच वर्षांनी जन्मलेला हब त्याने कसा दिला?

लगेच निकाल लावला नाही. हब फक्त हबचंच साल सांगतो. मागचं चाक नंतर बदललेलं असू शकतं. मग आजीचा पत्र्याचा डबा काढला. त्यात नगरपालिकेच्या सायकलपट्टीचे बिल्ले होते, अण्णांनी एकही फेकला नव्हता. सगळ्यात जुना १९५२-५३चा. त्याच्या मागचा एकही नाही. तरी खात्री होईना, म्हणून आत्याकडे गेलो. ती तेव्हा आठ वर्षांची होती.

आत्याने आधी हसून घेतलं. म्हणाली, “कुठला साहेब रे? फुकट द्यायला त्याला काय वेड लागलं होतं की काय? पुण्याहून रेल्वेच्या पार्सलने आली की. दिवाळीच्या अलीकडे. गोणपाटात गुंडाळलेली. आणायला मी गेले होते अण्णांबरोबर ठेसनावर.”

मग जरा थांबून बाकीचं सांगितलं. त्या वर्षी उन्हाळ्यात अण्णांना छातीचं दुखणं झालं, दोन महिने अंथरुणावर होते. डॉक्टरांनी सांगितलं, दम लागेल असं काही करायचं नाही, चढावर सायकल तर मुळीच नाही. येळ्ळूरला रोज चालत जाणं जमणारं नव्हतं आणि बदली मिळत नव्हती. नोकरी सुटायची पाळी आली. शाळेतल्या कुणीतरी तीन गियरच्या सायकलचं सांगितलं. ती साध्या सायकलपेक्षा बरीच महाग. तेव्हा आजीने आपल्या पाटल्या काढून दिल्या.

“घरात थोरले काका होते,” आत्या म्हणाली. “बायकोच्या पाटल्या मोडून मास्तर सायकल घेतो म्हटलं असतं तर राहू दिलं असतं काय त्यांनी? म्हणून साहेब काढला. कॅम्पातले साहेब लोक सामान विकून गेलेलेच होते. कुणाला खोटं वाटलं नाही. आणि आईच्या पाटल्या माझ्या लग्नासाठी जपून ठेवल्यात, असं सांगायचं.”

आत्याच्या लग्नात पाटल्या निघाल्या नाहीत. त्यावरून आजीला बरंच ऐकून घ्यावं लागलं. ती काही बोलली नाही. जन्मभर काचेच्या बांगड्या घातल्या, आणि साहेबाची गोष्ट आम्हा नातवंडांना तीच रंगवून सांगायची.

त्या सायकलबरोबर राहणं सोपं नव्हतं. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरच्या मध्ये एक रिकामी जागा असते. तिथे पायडल नुसतं फिरतं. केबल ढिली पडली की दुसऱ्यातला हब सरकून त्या रिकाम्या जागेत येतो. एकदा वडगावच्या पुढे अण्णा पायडलवर उभे राहिले आणि पाय फुकट गेला. हनुवटी हँडलवर आपटली, तो व्रण शेवटपर्यंत होता. त्यानंतर दर रविवारी ते स्वतः तपासायचे: खटका दुसऱ्यावर ठेवायचा, उजव्या नटच्या भोकातून बघायचं, आतल्या दांडीचं टोक आसाच्या टोकाशी बरोबर आलं पाहिजे. मग हबच्या छोट्या टोपीतून शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब.

पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी परकीय चलनाची टंचाई आली, आयातीवर बंधनं आली. तोवर आपल्याकडेही कारखाने उभे राहिले होते. सोनीपतला १९५१ साली ॲटलस, लुधियान्याला १९५६ साली हिरो. त्यांची भिस्त साध्या, एकाच वेगाच्या दणकट सायकलवर होती. स्वस्त, आणि कोपऱ्यावरच्या कुणालाही दुरुस्त करता येणारी. थ्री-स्पीडला गिऱ्हाईक उरलं नाही आणि सुटे भागही. नेमकी तेव्हाच अण्णांची ती बारीक साखळी तुटली. साखळी तुटली की हा हब तिसऱ्यात, सगळ्यात जड गियरात अडकतो. वर्षभर ते प्रत्येक चढ उतरून, सायकल ढकलत गेले. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला. नंतर आजीच्या भावाने मडगावातल्या एका दुकानाच्या जुन्या साठ्यातून साखळी शोधून आणून दिली. आजही तीच आहे.

आता बरेच जण मला विचारतात की असा हब आज घ्यावा काय. नॉटिंगहॅमचा व्यवसाय २०००मध्ये तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेला, पण स्टर्मी-आर्चर नाव चालू आहे. जपानी शिमानोचे तीन ते अकरा गियरचे हब मिळतात, जर्मन रोलॉफचा चौदाचा आहे. रोज पावसाचिखलातून जाणं असेल, सिग्नलला थांबल्या जागी गियर बदलायचा असेल, तर हब चांगलाच. चिखल आत जात नाही, चेन सरळ चालते म्हणून जास्त टिकते. पण वजन जास्त, मागचं चाक पंक्चर झालं की काढायला कटकट, आणि उघडून दुरुस्त करणारा माणूस गावात आहे की नाही हे आधी बघून घ्या. साध्या चढउतारांना तीन पुरतात. अण्णांना पुरले.

सायकल विकणार नाही. चुलतभावाला आत्याने सांगितलेलं सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “राहू दे तुझ्याकडेच.” आजीचं नाव लक्ष्मीबाई. आधीच्या लेखात मी साहेबाचे आभार मानले होते, ते मागे घेतो.

तुमच्या माळ्यावर जाड हबची जुनी सायकल असेल तर फडकं मारून आकडा वाचा. आणि घरात कुणी आत्या, मावशी असेल तर त्यांना आधी विचारा.