सायटेशनचा हिशेब आणि धाराशिवच्या बायका

आरोग्यक्षेत्रातल्या संशोधकाचं काम मोजायचं कशानं, हा आजचा प्रश्न. हल्ली याचं उत्तर तयार असतं. शोधनिबंध किती, आणि इतर संशोधकांनी त्यांचा हवाला किती वेळा दिला, हे बघा म्हणतात. या हवाल्यालाच सायटेशन म्हणतात. ही मोजणी आली कुठून, आणि ती काय सांगते, हे आपण आपल्याच जिल्ह्यात झालेल्या एका अभ्यासावरून पाहू.

अमेरिकेतल्या वकिलांकडे फार पूर्वीपासून एक सूची असे. जुना निकाल पुढे कोणत्या खटल्यात मान्य झाला, कुठे फिरवला गेला, हे तीत खुणांनी दाखवलेलं असे. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सुचवलं की विज्ञानातही अशी सूची हवी. कशासाठी? तर एखाद्या निबंधावर पुढे काय टीका झाली ते अभ्यासकाला कळावं, चुकीची माहिती डोळे झाकून पुढे जाऊ नये. १९६४ मध्ये त्यांची सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आली. पण वकिलांच्या त्या खुणा काही तीत आल्या नाहीत. कोणी कोणाचा हवाला दिला एवढंच राहिलं. मग लोक मोजायला लागले.

पुढे २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स काढला. समजा एखाद्याच्या पाच निबंधांना २०, १२, ६, ४ आणि १ अशी सायटेशन मिळाली. चार निबंधांना किमान चार मिळाली, म्हणून त्याचा एच-इंडेक्स चार. आता पहिल्या निबंधाला वीसऐवजी दोन हजार मिळाली, तरी? तरी चारच! आपल्याकडे २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि निबंधांची मोजदाद थेट नोकरीला जोडली गेली.

आता धाराशिवकडे येऊ. शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुक्याबरोबर आपले परांडा आणि भूमही तीत होते. खेड्यातला रोगी दवाखान्यात येईलच असं नाही, म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊन नोंद घेत. हीसुद्धा मोजणीच होती बरं का! पण इथे प्रत्येक आकड्यामागे एक घर होतं.

या पायावर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक मोठी चाचणी झाली. मुंबईचं टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून नजरेनं तपासणी. चौथा गट तुलनेचा. त्यात ३१,४८८ स्त्रिया होत्या आणि त्यांची अशी तपासणी झाली नाही. तपासणीसाठी बोलावलेल्या दर पाच जणींपैकी जवळपास चौघी आल्या. विषय अवघड, तपासणी त्याहून अवघड, तरी आल्या.

निष्कर्ष २ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात या कर्करोगानं एचपीव्ही गटात ३४ मृत्यू झाले, तुलनेच्या गटात ६४. एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यूचा धोका निम्म्याच्या आसपास आला होता. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून प्राथमिक तपासणीसाठी एचपीव्ही डीएनए चाचणीच सुचवते. त्यामागच्या पुराव्यात या अभ्यासाला मोठं स्थान आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. ते ६४ मृत्यू आठवा. एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरांनी २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये आक्षेप घेतला की तपासणीनं मृत्यू टळतात हे आधीच ठाऊक होतं, मग हजारो बायकांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजले कशाला? उलट बाजूचं म्हणणं असं की ग्रामीण भारतात तेव्हा नियमित तपासणी नव्हतीच, आणि इथे काय चालेल हे इथेच पाहायला हवं होतं. दुसऱ्या बाजूत तथ्य आहे. पण ‘इथे काही नव्हतंच’ हे कारण पुढे करून काहीही करता येतं, म्हणून मला पहिला प्रश्न अधिक जड वाटतो.

आता सायटेशनचा हिशेब पाहा. निबंधाच्या आधारे धोरण सुचवणाऱ्यानं हवाला दिला, एक वाढला. नैतिक आक्षेप घेणाऱ्यानं दिला, तरी एकच वाढला. गारफिल्ड यांना जी टीका दिसायला हवी होती, ती बेरजेत विरघळून गेली. निबंधावर १८ लेखकांची नावं आहेत. प्रत्येकाच्या एच-इंडेक्समध्ये तो फार तर एकाची भर घालतो, एखाद्या किरकोळ निबंधाइतकीच. गावोगाव फिरलेल्यांच्या खात्यावर काही नाही. आणि त्या ३१,४८८ जणींसाठी तर या हिशेबात रकानाच नाही.

म्हणून आकडे फेकून द्या असं मी म्हणत नाही. ३४ आणि ६४ हेही आकडेच आहेत, आणि ते मोजले नसते तर वाद घालायलाही काही उरलं नसतं. मोजणं वाईट नाही. काय मोजलं हे विसरणं वाईट. सायटेशन सांगतं की या कामाकडे किती जण वळले. का वळले, हे वाचूनच कळतं.

तेव्हा एक करा. त्या निबंधाच्या शीर्षकात आपल्या जिल्ह्याचं नाव नाही, नुसतं ‘ग्रामीण भारत’ आहे. आत मात्र उस्मानाबाद सापडेल. तो वाचा. मग त्याचा हवाला देणारे दोन लेख शोधा, एक बाजूचा आणि एक विरोधातला. निवड समितीत बसणाऱ्यांनी प्रत्येक उमेदवाराचा एक तरी निबंध असा वाचला, तर मुलाखतीत विचारायला खरे प्रश्न सापडतील.