मनोऱ्यावरची माणसे

आमच्या कोल्हापुरात पुतळा दिसला की ‘कुणाचा’ याच्या पाठोपाठ ‘कुणी केला’ हेही विचारले जाते. बाबूराव पेंटर आणि रवींद्र मेस्त्री यांच्या गावाची ही सवय. ती घेऊनच मी मुंबईच्या ओव्हल मैदानावर, राजाबाई टॉवरसमोर उभा राहिलो. ही वास्तू मला अगदीच परकी नव्हती. आजोबा शिकले राजाराम कॉलेजात. पण घरात चौकटीत लावलेले त्यांचे बी.ए.चे प्रमाणपत्र मुंबई विद्यापीठाचे. त्या काळी कोल्हापूरच्या मुलांनाही पदवी मुंबईच देई.

पहिल्या दिवशी सकाळी गेलो, ते चुकले. सूर्य मनोऱ्याच्या मागे होता. छायाचित्रे काळी आली. दुपारी चारनंतर पश्चिमेचे ऊन दगडावर पडले आणि लांब पल्ल्याच्या भिंगातून वरची माणसे दिसू लागली. खालून ती नक्षीचाच भाग वाटतात. या मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींच्या चोवीस आकृती आहेत. लोक घड्याळ पाहतात आणि पुढे जातात.

मनोऱ्याची हकीकत ठाऊक असते ती अशी : कापसाच्या तेजीत गब्बर झालेले प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. आईचे, राजाबाईंचे, नाव मनोऱ्याला लागले. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. १ मार्च १८६९ रोजी पाया घातला, नोव्हेंबर १८७८ मध्ये काम पुरे झाले. उंची २८० फूट.

देणगीदार, आई, वास्तुकार, तिघांची नावे लोकांच्या तोंडी आहेत. चौथे नाव मात्र फार थोड्यांना माहीत असते. त्या आकृतींचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. हुद्दा सहायक अभियंता. नोंदींत हे नाव आडनावाशिवाय येते. ज्याने कधी ही भूमी पाहिली नाही, त्याच्या गॉथिक मनोऱ्यावर इथली माणसे चढवली ती इथल्याच माणसाने.

पण कोणती माणसे? व्यक्ती नव्हेत, ‘नमुने’. त्याच काळात कॅमेराही हेच करत होता. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली लंडनहून काढले. माणसे एके ठिकाणी टिपायची आणि दुसऱ्याच दृश्यावर चिकटवायची, अशी त्याची रीत. पुढे सरकारनेही ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. माणूस पोशाखावरून ओळखावा, पोशाखावरून त्याची जात सांगावी, हा त्या काळाचा हव्यास. माझ्या भिंगातून मीही पगडीवरून जात ओळखू पाहत होतो, हे ध्यानात आले तेव्हा ओशाळलो.

तरी या दोहोंत फरक आहे. जॉन्सनच्या कॅमेऱ्यामागे परका डोळा होता. मुकुंद रामचंद्रांना पगडीचा पीळ वहीतून पाहायला नको होता. तो त्यांच्या रोजच्या वाटेवरचा. माझ्यापुरता तरी त्या आकृतींतील जिवंतपणाचा उलगडा इथे होतो.

सामान गुंडाळून निघालो तेव्हा मनोऱ्यालगतच्या रस्त्याची पाटी वाचली : कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग. भाऊराव आमच्या जिल्ह्यातले, जन्म कुंभोजचा. वर दगडात प्रत्येक जात आपापल्या कोनाड्यात उभी. आणि खालच्या रस्त्याला नाव त्या माणसाचे, ज्याने १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली. हे कुणी ठरवून जुळवलेले नसावे. पण पाटी वाचणाऱ्याने एकदा मान वर करावी आणि वर पाहणाऱ्याने मुकुंद रामचंद्र हे नाव घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.