गायरानाचा राखणदार

वेल्सच्या पश्चिमेकडील कार्डिगनशायर या डोंगराळ परगण्यात, एकोणिसाव्या शतकात गायरानांना कुंपणे पडेपर्यंत असा दस्तूर होता की, लहान शेतकऱ्याची हक्काची जमीन घरालगतच्या चार-दोन एकरांपुरती, आणि बाकीचे माळरान सर्वांच्या सामाईक चराईचे. त्या माळावर शेजाऱ्याची गुरे पिटाळून आपल्या गुरांना मोकळी जागा राखणे ही ज्याच्या त्याच्या कुत्र्याची कामगिरी. हा कुत्रा म्हणजे कॉर्गी. खांद्यापाशी जेमतेम फूटभर उंच, अंगाने लांबट, पाय आखूड. परक्या गुराच्या मागच्या टाचेला डसायचे आणि लाथ उगारली जाताच जमिनीसरसे चपटे व्हायचे, म्हणजे खूर डोक्यावरून निघून जाई.

आपले कोण आणि परके कोण, हा विवेक अशा प्राण्याच्या ठायी चाकरीची पहिली अट म्हणूनच मुरला. दहाव्या शतकातील हिवेल राजाच्या नावाने चालत आलेल्या वेल्श कायद्यांत, सकाळी गुरांच्या पुढे जाणाऱ्या आणि सायंकाळी त्यांच्या मागून घरी येणाऱ्या कुत्र्याचे मोल एका बैलाइतके धरले आहे, आणि त्याच कायद्यांत तीनदा माणसाला चावलेल्या कुत्र्याला धन्याच्या पायाशी दोन वितींवर बांधून मारावे आणि धन्याने राजाला दंड भरावा, असेही फर्मावले आहे. राखणीची किंमत आणि अतिरेकाची जबाबदारी, दोन्ही धन्याच्याच खाती जमा.

पुढे गायरानांना कुंपणे पडली आणि ती नोकरी संपुष्टात आली. १९२५ पासून कॉर्गी श्वानप्रदर्शनांत झळकू लागला, १९३३ साली भावी राणी एलिझाबेथचे वडील ड्यूक ऑफ यॉर्क यांच्या घरी, तिच्या बालपणात, डूकी नावाचा कॉर्गी आला, आणि १९३४ साली पेम्ब्रोक व कार्डिगन या दोन स्वतंत्र जाती मान्य झाल्या. मुलूख गेला, हुद्दा गेला, परंतु संस्थान खालसा झाल्याची वार्ता न पोचलेल्या शिलेदारासारखा हा प्राणी आता दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर पहारा करू लागला. दारावर थाप पडताच तो भुंकत पुढे धावतो, आणि पाहुण्याने बिचकून पाठ फिरवली की पोटरीशी दात येतात. ही गुरे हाकण्याचीच जुनी रीत होय.

म्हणून त्याला दटावणे किंवा मारणे निष्फळ, किंबहुना घातक ठरते. शिक्षेने गुरगुरणे तेवढे थांबते, भय तसेच राहते, आणि मग पूर्वसूचनेशिवाय चावा बसतो. शहाणा धनी उलट मार्ग धरतो. अनोळखी माणूस दिसावा पण भुंकावेसे वाटू नये इतक्या अंतरावर कुत्र्याला साखळीने धरून, माणूस नजरेस पडताच मांसाचा तुकडा द्यावा, आणि ते अंतर कित्येक आठवड्यांत हळूहळू कमी करावे. घरी पाहुणा येण्यापूर्वी कुत्र्याला दारापासून दूर, ठरलेल्या सतरंजीवर बसण्याची सवय लावावी. पाहुण्यानेही डोळ्यांत डोळे घालू नयेत, डोक्यावर हात नेऊ नये, स्वस्थ बसावे. जवळ जायचे की नाही, हे कुत्र्यालाच ठरवू द्यावे. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास पिलाची माणसांशी सलगी सहज जुळते, असे दाखवले. त्या काळात नाना वेषांची, नाना वयांची माणसे त्याच्या ओळखीची झाली, तर पुढचे पुष्कळ श्रम वाचतात.

माळावर हा कुत्रा आपल्या मर्जीने धावत नसे. कोणाला पिटाळायचे आणि कोठे थांबायचे, हे धन्याची हाक ठरवी. घरात ती हाक नाहीशी झाली आणि सारा अंमल त्याच्या एकट्याच्या हाती गेला. कुंपणे माणसांनी घातली, प्रदर्शने माणसांनी भरवली. तेव्हा उंबऱ्याशी आलेल्याला आत घ्यायचे की नाही, हा निर्णय कुत्र्याच्या गळ्यात न टाकता स्वतः घेणे, एवढे कर्तव्य धन्याकडे उरतेच.