ब्रिटनच्या थंडीत जगातली सर्वात तिखट मिरची कशी पिकली? समजून घ्या घरच्या ग्रीनहाऊसचं गणित

२०११ सालच्या सुरुवातीला जगातल्या सर्वात तिखट मिरचीचा गिनीज विक्रम ना भारताकडे होता, ना मेक्सिकोकडे. तो होता ब्रिटनकडे. आधी ग्रँथमच्या 'इन्फिनिटी' मिरचीने तो पटकावला, आणि त्यानंतर लगेचच कंब्रियातल्या कार्क नावाच्या छोट्या गावातली 'नागा वायपर' तिच्या पुढे गेली. तिचा तिखटपणा भरला १३ लाख ८२ हजार ११८ स्कोव्हिल. आपल्याकडे पिझ्झावर मिळणारी हालापिनो जेमतेम अडीच ते आठ हजारांत असते, यावरून अंदाज लावा.

गंमत म्हणजे नागा वायपर ज्या मिरच्यांच्या संकरातून आली, त्यातली एक आपल्या ईशान्य भारतातली भूत जोलोकिया. पण उन्हात वाढणारी ही मिरची ब्रिटनच्या गारठ्यात पिकते कशी? उत्तर आहे ग्रीनहाऊस, म्हणजेच हरितगृह. तिथले हजारो हौशी लोक आज परसातल्या छोट्या काचघरात अशा मिरच्या घेतात.

ग्रीनहाऊस नेमकं करतं काय?

काचेतून किंवा प्लास्टिकमधून ऊन आत येतं, माती आणि कुंड्या तापतात, त्यांच्यामुळे आतली हवा तापते. उघड्यावर ही गरम हवा वर निघून गेली असती. छप्पर तिला अडवतं. बस्स, इतकंच.

यामुळे मिरची जास्त तिखट होते, हा मात्र गैरसमज आहे. तिखटपणा मुख्यतः वाणाच्या गुणसूत्रांतून येतो. ऊन-पाण्यामुळे तो थोडाफार कमी-जास्त होतो, पण साधी मिरची काचेखाली ठेवली म्हणून भूत जोलोकिया होत नाही. ग्रीनहाऊस देतं ती वेगळीच गोष्ट, वेळ.

जानेवारीतच पेरणी का?

भूत जोलोकिया, कॅरोलिना रीपर यांसारख्या अतितिखट मिरच्या बहुतेक 'कॅप्सिकम चायनेन्स' या प्रजातीतल्या. त्या भलत्याच संथ असतात. बी उगवायला २५ ते ३० अंश तापमान लागतं, तरीही दोन ते चार आठवडे वाट पाहावी लागते. पुढे रोप मोठं होऊन फळ पूर्ण पिकेपर्यंत आणखी काही महिने जातात.

ब्रिटनचा उन्हाळा इतका लांब नसतोच. म्हणून तिथले लोक जानेवारी-फेब्रुवारीत घराच्या आत, तळाला गरम करणाऱ्या ट्रेमध्ये बी पेरतात आणि रोपांना एलईडी दिव्यांचा उजेड देतात. मे महिन्यात रात्रीची कडाक्याची थंडी ओसरली की रोपं ग्रीनहाऊसमध्ये जातात. तिथे ऑक्टोबरपर्यंत मिरच्या पिकत राहतात. म्हणजे छपरामुळे हंगाम दोन्ही टोकांना वाढतो.

खरा धोका थंडीचा नाही, बंद दाराचा

नव्या माणसाला वाटतं, जितकं गरम तितकं चांगलं. इथेच सगळी मेहनत वाया जाते. तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की मिरचीचे परागकण निकामी व्हायला लागतात आणि फुलं गळतात. रात्री पारा १५ अंशांच्या खाली राहिला तरी फळधारणा बिघडते. उन्हाळ्यातल्या लख्ख दुपारी बंद काचघर बघता बघता ४० अंशांच्या पुढे जातं. सहा महिने जपलेल्या झाडाचा बहर अशा मोजक्या दुपारींत जमिनीवर येतो.

म्हणून जाणकार आधी थर्मामीटर लावतात आणि सकाळीच दार, झरोके उघडतात. छपराच्या झरोक्याला मेणाची नळी असलेलं एक साधं यंत्र बसवता येतं. उष्णतेने मेण फुगतं आणि झरोका विजेशिवाय आपोआप उघडतो.

आणखी काय सांभाळायचं?

- परागीभवन: मिरचीचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. पण बंद जागेत वारा नसतो. फुलं आली की फांद्या रोज हलक्या हाताने हलवायच्या.
- पाणी: वरची माती सुकल्यावरच द्यायचं. कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात.
- खत: फुलं येईपर्यंत बेताचं, नंतर पोटॅश जास्त असलेलं. नत्र जास्त झालं तर झाड हिरवंगार दिसतं, पण मिरच्या कमी लागतात.
- कीड: मावा, पांढरी माशी आणि लाल कोळी यांना बंद, उबदार जागा आवडते. पानांची खालची बाजू तपासत राहायची.

बी घेताना फसू नका

२००७ मध्ये भूत जोलोकियाने १० लाख स्कोव्हिलचा टप्पा ओलांडून गिनीज विक्रम केला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एड करी यांची कॅरोलिना रीपर पुढे गेली आणि २०२३ मध्ये त्यांच्याच 'पेपर एक्स'ने २६ लाख ९३ हजारांचा आकडा गाठला. मात्र पेपर एक्सचं बी विकणार नाही, असं करी यांनी तेव्हाच जाहीर केलं होतं. त्यामुळे त्या नावाची पाकिटं ऑनलाइन दिसली तर सावध राहा. घरचं बी धरायचं असेल तर फूल उमलण्याआधी त्यावर बारीक जाळीची पिशवी बांधा, नाहीतर शेजारच्या वाणाशी संकर होतो.

तोडताना आणि खाताना

तिखटपणा बियांत असतो असं आपण मानतो. तो खरा असतो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात. त्यातलं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. म्हणून तोंड भाजलं तर पाण्यापेक्षा दूध-दही बरं. चिरताना हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका, आणि मिरच्या वाळवताना खिडक्या उघड्या ठेवा.

रील्समधल्या 'चॅलेंज'च्या नादी लागू नका. स्पर्धेत कॅरोलिना रीपर खाल्ल्यानंतर अमेरिकेत एका ३४ वर्षांच्या माणसाला प्रचंड डोकेदुखी सुरू झाली. तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचन पावल्याचं दिसलं. २०१८ मध्ये ही घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली.

मग महाराष्ट्रात काचघर बांधायचं का?

नाही. ब्रिटनमध्ये वेळ कमी पडतो, आपल्याकडे तो भरपूर आहे. आपली अडचण उलटी, एप्रिल-मे मधलं ऊन. त्यामुळे गच्चीवर काचेऐवजी हिरवी शेडनेट, चारी बाजूंनी खेळती हवा आणि पाणी नीट निचरणाऱ्या कुंड्या एवढं पुरतं. पावसाळ्यात रोप करून ठेवलं तर पावसानंतरचे थंड, कोरडे महिने फुलाफळांना मिळतात.

थोडक्यात, तिकडे छप्पर ऊब धरून ठेवतं, इकडे ते ऊन अडवतं. मिरचीला दोन्हीकडे हवं असतं एकच: दिवसा २५ ते ३० अंश, रात्री १५ च्या वर आणि पिकायला पुरेसे महिने.